हद्दीचा दगड

ग्रिम्सबी. मासळी-लिलावाचं ऑफिस. रात्रीचे सव्वाअकरा.
रूट शंभर टक्के भरलंय.
लॉग लिहायलासुद्धा जागा नाही त्याला.
कुठे दुखतंय हे सांगायलाही
थोडी जागा लागतेच.

शेजारी होम. दोनशे जीबी, वापरात नव्वद,
त्यातले एकतीस मोरीनचे.
ती फेब्रुवारीत गेली.
उडव ते, कॉलिन म्हणाला, कोण बघतंय आता,
तेवढंच ओझं कमी,
आणि कोटाची चेन लावत घरी गेला.

बाबा मोजणीदार होते, जावळी तालुक्यात.
म्हणायचे, बांध सरकवायचा तर
आधी पीक काढून घ्यावं, मग दगड उचलावा.
उलटं केलं की कोर्ट.

म्हणून आधी होम अनमाउंट. मग तपासणी,
पाचही फेऱ्या, कुठे कुरबुर नाही.
मग आतली फाइल सिस्टिम आवळली एकशेतीसवर,
आणि त्यानंतरच भिंत आत घेतली.

सत्तर मोकळे झाले. पण पलीकडच्या टोकाला.
रूट अलीकडे, आणि मधे अख्खं होम
आपापल्या बोचक्यांवर बसलेलं.
जमीन आपली, वाट दुसऱ्याच्या वावरातून:
हे तर आमच्याकडचं रोजचं.

आता सगळ्यांनाच उठवायचं, ब्लॉकमागून ब्लॉक,
शेवटचा आधी, पहिला शेवटी,
म्हणजे कुणी कुणाच्या अंगावर पडणार नाही.
अंदाजे वेळ: तीन तास दहा मिनिटं.
मधे थांबवू नये.
सातला लिलाव.

चहा केला. प्यायले नाही.
दोनला वीस कमी असताना ट्यूब मिचकली,
यूपीएस एकदा किंचाळून गप्प झाला,
हिरवी पट्टी सरकत राहिली.
मी श्वास सोडला तो खारट, बर्फाच्या वासाचा.

बाबा गेल्यावर भावाने फोन केला होता.
त्यांची साखळी गंजलीये, म्हणाला,
भंगारवाला दारात उभा आहे, देऊ का?
मी इथेच होते, याच खुर्चीत.
दे, म्हणाले. जागा होईल.

साडेचारला रूट वाढवलं. मशीन पुन्हा उठलं.
एकसष्ट टक्के.

मोरीनचं फोल्डर उघडून पाहिलं,
पाहायची तशी गरज नव्हती.
हॅडॉक भाव नवीन.
हॅडॉक भाव नवीन फायनल.
हॅडॉक भाव फायनल, हेच वापरा, मोरीन.
तारीख दोन फेब्रुवारी, दुपारी चार बारा.
सत्तर जीबी उजवीकडे सरकली बाई
आणि तिची तारीख हलली नाही.

बाहेर पेट्या आदळायला लागल्या. सीगल भांडत होते.
कॉलिन आला, हात चोळत.
उडवलंस ना तिचं?

जागा झाली, मी म्हणाले,
आणि गार चहा बेसिनमध्ये ओतला.