आधी पाण्याला गप्प करायचं

रोज सकाळी आधी बाटली.
काचेचा गोळा, नारळाएवढा,
आत मेंदूतलीच चार-पाच रसायनं
मोजूनमापून विरघळवलेली, बाकी पाणी.
ती आजारी पडत नाही, कुणाची कुणी लागत नाही.
पंधरा वर्षं तिचा आलेख तोच.
तो जुळला की मग माणसं.

आज क-३१.
कुओपिओत उणे बावीस.
तौनो रिस्सानेन दाराशी बूट आपटत आला.
पट्ट्याचा चाकू, किल्ल्या, कानातलं यंत्र,
दोन नाणी, सगळं ट्रेमध्ये.
अंगठी निघेना. बोट जाड झालेलं, लग्नाला बावन्न वर्षं.
'सोनं आहे, राहू दे,' मी म्हटलं,
'सोन्याला चुंबक ओळखत नाही.'
'बायकोही हल्ली ओळखत नाही,' तो म्हणाला
आणि आपणच हसला.

तो आमचा निरोगी. तुलनेसाठी.
पाऊण तास हलू नका, असं सांगितलं
तर म्हणाला, कल्लावेसीच्या बर्फाला भोक पाडून
मी अख्खा दिवस बसतो, तेही एका माशासाठी.
आणि खरंच, हलला नाही.

आमचंही एक भोकच.
एवढं मोठं तळं गोठलेलं,
त्यात डोक्याच्या मागच्या बाजूला, मध्यरेषेवर,
खडीसाखरेच्या खड्याएवढा चौकोन आखायचा
आणि कान लावून बसायचं.

पाणी सगळ्यांत मोठ्यानं बोलतं.
इतकं, की बाकीच्यांचं ऐकूच येत नाही.
म्हणून आधी त्याला गप्प करायचं,
मग थोरली माणसं उठून गेल्यावर
धाकट्यांनी तोंड उघडावं
तशी एकेक रसायनं बोलू लागतात.
एकदा ऐकून भागत नाही.
तेच एकशे अठ्ठावीस वेळा विचारायचं,
उत्तरावर उत्तर रचायचं.
खरखर आपापसात खोडली जाते,
खरं तेवढं साचत जातं.

दोनच्या आकड्यापाशी सुळका चढला, चांगला उंच.
चेतापेशी अजून जित्या आहेत, असं सांगणारा.
आकडे इथे उजवीकडून डावीकडे वाढतात.
सुरुवातीला मलाही ते उलटं वाटायचं.

र-१४ गेल्या गुरुवारी येऊन गेली.
तिचं नाव मला माहीत असायचं नाही, ते नाहीही.
पण तिची लोकरीची टोपी आणि ह्याची टोपी
एकाच हातानं विणलेल्या,
दोन्हींत डाव्या कानाजवळ तोच चुकलेला टाका.
तिचा सुळका बुटका होता.
दोन आलेख शेजारी ठेवायला मला कुणी सांगितलेलं नाही.
मी ठेवले नाहीत.
ठेवावेही लागत नाहीत.

उठून बसल्यावर त्यानं विचारलं, कागद मिळेल का?
नियमात बसत नाही.
मग सकाळचा, बाटलीचा, छापून दिला.
सांगितलंही, हा तुमचा नव्हे, बाटलीचा.
त्यानं तो लांब धरून पाहिला, चष्म्याशिवाय.
'पलीकडच्या काठावरची झाडं,' म्हणाला.
'एक जरा जास्तच वाढलंय.
आइलीला देतो. बाटली तरी काही विसरत नसेल ना?'
'नाही,' मी म्हटलं, 'तिला आठवायलाच काही नाही.'
हे बोलायला नको होतं.
त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही,
कानातलं यंत्र अजून ट्रेमध्येच होतं.

ऑगस्टात तो दुसऱ्या फेरीला आला,
बोटं ब्लूबेरीनं निळी.
कागद फ्रिजवर चिकटवलाय म्हणाला.
ती रोज झाडं मोजते,
कधी पाच भरतात, कधी चार.
हा कुठला काठ, असं विचारते.
मी सांगतो, आपला.
मग विचारते, आपला म्हणजे कुणाचा?

चाकू, किल्ल्या, यंत्र, नाणी.
अंगठी या वेळी सहज निघाली.
राहू दे, मी म्हटलं,
पण तोवर त्यानं ती ट्रेमध्ये ठेवलीही होती.