पंचावन्न किलो

काटा बंदरावरचा. सुरमई तोलायचा.
सामन्याच्या सकाळी चोगल्यांची सुलभा तो धुऊन देते,
तरी वास जात नाही.
पोरं अनवाणी, एकेक करून,
श्वास आत ओढून त्यावर उभी राहतात,
जणू श्वास धरला की वजनही धरलं जातं.

सोळाच्या आत. पंचावन्नच्या आत.
नियम एवढाच.

दिवाळीनंतर वहीत मी लिहिलं:
तन्वेश पावसे, चढाई, एक्कावन्न पूर्णांक दोन.
हुजैफा मुकादम, डावा कोपरा, चोपन्न.
दीप्तेश घाणेकर, राखीव, अडतीस.
अडतीस ऐकून सुलभा म्हणाली,
एवढं तर माझं टोपलं भरतं.

संघाला गाडी नाही. मी बर्फ पोचवतो,
तर बर्फाच्याच टेम्पोतून, भुशावर बसून
अकरा जण वेळणेश्वरला गेले.
ओल्या चड्ड्यांनी उतरले
ते बघून तिथली माणसं जी हसायला लागली
ती सामना संपेपर्यंत हसत होती.
एकेचाळीस-एकोणीस. दोन लोण.
येताना कोणी बोललं नाही,
फक्त मोडकाआगरच्या चढावर मागून आवाज आला,
"त्यांचा पंच त्यांच्याच शाळेतला होता."
होता. पण लोण काही पंच देत नाही.

असगोलीला जिंकलो.
जांभ्याचं मैदान, गुडघे लाल,
घरी आयांनी रक्त समजून आधी ओरडून घेतलं
आणि मग पुसून बघितलं. काही रक्तच होतं.

पालशेतचा सामना रमजानात आला.
पावणेसातला पंचांनी मध्येच शिट्टी मारली,
म्हणाले, कोणाला बुटाची नाडी बांधायची असेल तर बांधा.
बूट कोणाच्याच पायात नव्हते.
हुजैफाने रेषेबाहेर बसून दोन खजूर खाल्ले,
तांब्याभर पाणी प्यायला,
आणि आत येऊन त्यांच्या कप्तानाला
घोट्यात धरून असा बसवला
की खजूर आणणारा पालशेतचाच म्हातारा म्हणाला,
सामना संपल्यावर द्यायला हवे होते.

तन्वेश मात्र वाढत होता.
डिसेंबरात बाह्या आखूड झाल्या.
जानेवारीत बोनस रेषेला त्याचा पाय
न ताणताच पोचायला लागला, आम्ही टाळ्या वाजवल्या.
फेब्रुवारीत त्याच्या दमात दोन आवाज यायला लागले,
कबड्डी कबड्डी म्हणता म्हणता
एक मुलाचा, आणि एक
कुणातरी मोठ्या माणसाचा,
जो अजून आमच्या ओळखीचा नव्हता.
तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शेवटचा सामना घरी, दाभोळशी.
पंचावन्न पूर्णांक तीन.
काटा पुसला, सपाट जागी ठेवला. पंचावन्न पूर्णांक तीन.
दोन स्वेटर घालून तो पुळणीवरून धावला,
खाडीच्या तोंडापर्यंत आणि परत,
थुंकला, केस कापू का म्हणाला.
पंचावन्न पूर्णांक एक.
शंभर ग्रॅम. एक बांगडा, तोही लहान.
दाभोळचे मास्तर दुसरीकडे बघत होते,
मी म्हटलं असतं तर कदाचित बघतच राहिले असते.
मी म्हटलं नाही.
"सर, मी काय मुद्दाम वाढलो?"
मी सरही नाही. बर्फवाला आहे.

दीप्तेश गेला चढाईला. सहा वेळा रिकामा आला,
सातव्यांदा दोघांना शिवून आला
आणि मध्यरेषेवर पडून इतका वेळ उठलाच नाही
की आम्हाला वाटलं लागलं. रडत होता.
तन्वेश पाण्याच्या बादलीशी उभा राहून
त्याच्यासाठी सेकंद मोजत होता,
आता त्याच्याकडे एकच आवाज होता.
दोन गुणांनी हरलो. सहा संघांत चौथे.

पुढच्या वर्षी तो मोठ्या गटात जाईल.
तिथे सगळ्यात हलका तोच असेल.
आज त्याने चार वडापाव खाल्ले, कोणाकडेही न बघता,
पाचवा अर्धा दीप्तेशला दिला.

अंधार पडताना काटा परत नेला.
सुलभा जाळीतले काटे वेचत होती,
मान वर न करता विचारलं, किती भरलं?
मी म्हटलं, थोडं जास्त.
मग बरं की, म्हणाली ती.