मंगळवार नाही

रात्री दीडला मी पान एकशे सत्त्याऐंशी उलटलं
आणि तसाच मागे आलो.

सहकारनगर, दुसरा मजला, पंखा तीनवर.
खाली वॉचमन काठी आपटत गेला,
मग बराच वेळ गेला नाही,
आणि त्या न जाण्याकडेही माझे कान लागून राहिले,
इतकं त्या पुस्तकानं मला पोखरलं होतं.

पुस्तक तांबटबाईंच्या लायब्ररीतलं.
पाठीला खाकी चिकटपट्टी,
आत तारखांचे जांभळे शिक्के, एकमेकांच्या अंगावर चढलेले.
"चार दिवसांत आणा हं, नंबर लागलेत."

निवेदक दंतवैद्य. बायको बेपत्ता.
आणि माणूस काय गोड बोलतो!
कुणाची दाढ किडलीय, कोण भीतीनं खुर्चीचा हात कुरतडतं,
धुकं खिडकीच्या कुठल्या काचेपासून उतरायला लागतं,
सगळं सांगतो.
मी विश्वास ठेवला.
मी, ज्यानं अठरा वर्षं ह्याच धंद्यात काढली,
ज्याला पक्कं ठाऊक आहे की तपशील म्हणजे
पाहुण्यांसाठी अंथरलेली सतरंजी,
खाली काय लोटलंय ते कुणी बघत नाही.

एकशे सत्त्याऐंशीवर एक पोरसवदा शिपाई
टोपी काढून नुसतं विचारतो,
डॉक्टर, मंगळवारी काय केलंत?

मी पानं मागे नेली.
सोमवारी सात पेशंट. रात्री दूध तापवून ठेवलं.
पुढचा परिच्छेद: सकाळी दूध नासलेलं, म्हणून काळा चहा,
बुधवार, म्हणून दवाखाना उशिरा.
एक शब्द खोटा नाही.
फक्त मंगळवार नाही,
आणि मी त्या फटीवरून सायकलवरच्या पोरासारखा
शीळ घालत गेलो होतो.

आधी हसू आलं. मग जळफळाट.
हरामखोर, म्हणालो, काय लिहितो!
वृंदा कूस बदलून म्हणाली, दिवा.
मी स्वयंपाकघरात गेलो, ओट्याशी उभ्यानं पुस्तक संपवलं.
शेवट ठीक. शेवट कुणालाही जमतात.

पाणी प्यायलो, आणि झोपायला गेलो नाही.
कपाटातून माझं काढलं. एकशे चार पानं, निळूदादावरची.
'प्रांजळ' असं दोन ठिकाणी छापून आलं होतं,
दोन्ही कात्रणं आतच आहेत.

माझ्यात मंगळवार आहे. नीट आहे.
त्याच्या उशाशी सोललेलं मोसंबं,
पर्वतीच्या पायऱ्यांवरची माणसं
खिडकीतून मोजायचा त्याचा खेळ, आणि चुकला की चिडणं.
बुधवारही आहे, दीड पान.
मग एक ओळ मोकळी. मध्ये एक चांदणी.
मग, "शुक्रवारी पहाटे निरोप आला."

ती चांदणी मुद्रितात एकदा गळली होती.
मी फोन करून परत घालायला लावली.

गुरुवारी दुपारी फोन वाजला.
मी टेबलाशी होतो, हातापासून वीतभर.
नाव दिसत होतं.
एक वाक्य जमत आलं होतं, त्याच्याबद्दलचंच,
म्हटलं, एवढं झालं की लावतो.
थांबला. पुन्हा वाजला.
वाक्य चांगलं झालं. पान एकोणसाठवर आहे.
लोक मला ते पाठ म्हणून दाखवतात.

चौथ्या दिवशी पुस्तक परत न्यायला निघालो,
कालव्याच्या रस्त्यानं, उगाच लांबून.
तांबटबाईंनी शिक्का शाईवर दाबला.
"ओळखलंत, कोण ते?"
"छे. शेवटपर्यंत नाही."
त्या खूश झाल्या. त्यांना म्हणे चौसष्टाव्या पानालाच कळलं होतं.
"दूध हो. एवढ्या थंडीत तापवलेलं दूध
एका रात्रीत नासतं का कधी?"

शिक्का मारला. पुस्तक पुढच्याच्या गठ्ठ्यात ठेवलं.
मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत,
अगदी साधेपणानं,
"तुमचंही वाचलंय मी."