उष्टं

रिओ गाल्येगोसच्या थिएटरात
दोन शिपायांच्या चोरट्या प्रेमाचा सिनेमा लागला.
तिकिटं ओदिलियानंच काढली.
म्हणाली, तूही होतास ना सरहद्दीवर.

पडद्यावरचे बूट फारच स्वच्छ.
पोरं देखणी, दाढ्या कोरलेल्या,
चांदण्यात नदीवर पोहतात वगैरे.
आमच्याकडे नदी नव्हती.
वारा होता, मेंढ्यांसाठी घातलेलं तारेचं कुंपण,
आणि गुडघाभरच खंदक,
कारण खाली खडक लागला.
त्या वर्षी चिलीशी युद्ध व्हायचं होतं.

ते दोघं चुंबन घेतात
तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं.
मीही खाकरलो.
सवय.

आम्ही कधीच घेतलं नाही.
माते, आमचा तो कडू चहा,
भोपळ्याच्या वाटीतून दहा जणांत फिरायचा.
पत्र्याची एकच नळी, सगळ्यांची उष्टी.
मी असा सरकून बसायचो
की निकानोरनंतर ती माझ्याकडेच यावी.
ओठाला चटका, मग कडवटपणा,
त्यात थोडी त्याची तंबाखू.
सार्जंटच्या डोळ्यांदेखत, भर दुपारी,
दिवसातून चारदा.
कोण काय म्हणणार?

एकदा तो उठून माझ्या पलीकडे बसला,
माझ्यानंतर.
मुद्दाम?
सत्तेचाळीस वर्षं झाली,
एवढंच विचारायचं राहिलंय.

मग एका सकाळी रेडिओ म्हणाला, घरी जा.
टोप्या उडाल्या. त्याचीही उडाली.
अख्ख्या पलटणीत
युद्ध व्हायला हवं होतं असं वाटणारा मी एकटा,
किंवा आम्ही दोघं.
हेही विचारायचं राहिलं.

सिनेमात एकजण मरतो.
मारावाच लागत असेल.
निकानोर मेला नाही.
चुबुतकडच्या ट्रकमध्ये चढला, लोकर कातरायच्या हंगामाला,
हात हलवला,
तोही सगळ्यांना मिळून.

बाहेर वाऱ्यात गाडीचं दार धरवेना.
कसा वाटला, ओदिलियानं विचारलं.
म्हटलं, थंडी नीट दाखवली नाही.

घरी तिनं पाणी ठेवलं.
तिच्या माहेरची चांदीची नळी कपाटात असते,
लग्नापासून.
आज तिनं ती काढली, पुसली,
दिव्याखाली जराशी न्याहाळली, परत ठेवली,
आणि वाटीत ती जुनी पत्र्याचीच खोवली.
रिवाजाप्रमाणे पहिला घोट करणाऱ्याचा.
तिनं तो मला दिला.

पाणी जरा जास्तच उकळलं होतं.
जीभ भाजली.