तेवीस जोड आणि एक

दुपारी अडीचला फोटो येतो, ओलसर,
हायपोचा वास अजून न गेलेला.
एकाच पेशीचा.
स्लाइड एकशे अठरा, मुरगूड, मुलगा, वय तीन.
दुभंगायच्या बेतात होती ती पेशी,
औषध घालून तिथंच थोपवली,
पाणी पाजून फुगवली,
वीतभर उंचीवरून काचेवर थेंब सोडला.

एरवी दिसत नाही असा साडेचार हात दोरा,
स्वतःभोवती गुंडाळत गुंडाळत
आखूड, जाड झालेला.
गुणसूत्रं.
मला मात्र सुभाषनगरातलं आमचं दार आठवतं,
उन्हात टाकलेली पायताणं,
कुणाचा जोड कुठं.

मी कात्री घेते.
दोइफोड्यांच्या घरात मान रापीला;
लेक शिकली आणि कागद कापाय लागली, म्हणून तात्या हसतात.
पण जोड लावणं तेच.
उंची बघायची,
कंबर कुठं आवळलीय,
अंगावर पट्टे किती.
एक आईकडचं, एक बापाकडचं,
शेजारी चिकटवायचं.

एकदा डबा घेऊन आले तेव्हा विचारलं त्यांनी,
"ह्यात नाकाचा नमुना कुठला?"
त्यांचे नमुने पत्र्याचे, खिळ्याला टांगलेले,
अंगठ्याचा, पट्ट्याचा, कानाचा.
म्हटलं, दोऱ्यावरच लिहिलेत, चार अक्षरांत.
जनुक म्हणतात. फोटोत नाही दिसत.
"आणि सगळ्या पेशीत सगळे?"
बहुतेक सगळ्या. टाचेच्या पेशीतही डोळ्याचा आहे,
तिथं तो कुणी खिळ्यावरून काढत नाही, इतकंच.
"लई पत्रा वाया," तात्या म्हणाले.

आज एकविसाव्या जागी तीन.
शेजारच्या पेशीतून सांडलं असेल,
म्हणून आणखी एकोणीस पेशी मोजल्या.
सत्तेचाळीस. सत्तेचाळीस.
डिंक वाळेपर्यंत खिडकीशी उभी राहिले.

डॉक्टरांनी सांगितल्यावर आई म्हणाली,
"जास्त हाय म्हंजी चांगलंच न्हवं?"
डॉक्टर चष्मा पुसत राहिले.
बाहेर बाकावर पोरगं
बूट काढून फेकत होतं, तिसऱ्यांदा.
कुठलेच टिकत नाहीत, आई म्हणाली, पाऊल रुंद.
काय सुचलं कुणास ठाऊक,
मी त्यांना घरी नेलं.

तात्यांनी पाऊल कागदावर ठेवलं,
पेन्सिल फिरवली.
अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात
फट होती, त्यांचं बोट जाईल एवढी.
आम्ही तिला लक्षण म्हणतो.
तात्या म्हणाले, "बघ की,
अंगठ्याला जागा आधीच सोडलीया."
पोरानं त्यांचा कान धरला तो सोडेचना.

दहा दिवसांनी जोड झाला.
पैसे घेतले, निम्मे.
नवा पत्रा खिळ्याला टांगताना
वर काय लिहू, विचारलं.
मी एकशे अठरा म्हणणार होते.
नाव सांगितलं.
नाव लांब, पत्रा वीतभरही नाही,
"धैर्यशी" इथंच जागा संपली.