समास

टोलेडोच्या कम्युनिटी कॉलेजात, मंगळवारी सहा ते नऊ,
मी वहीच्या डाव्या कडेला पट्टीने रेघ मारते.
शेजारची ब्रिआना विचारते, ही कशाला?
समास, म्हणते मी. सोडायचा असतो.
कुणासाठी?
बाईंच्या लाल पेनासाठी, म्हणणार होते.

एकोणीस वर्षांची आहे ती.
माझं सेकंड इयर सुटलं तेव्हा जन्मलीही नव्हती.
सुटलं म्हणते मी,
एसटी सुटावी तसं.

फार्मसीचा निळा कोट अजून अंगावर,
पिशवीत गार पोळीभाजी,
बाहेर गाडीच्या काचेवर बर्फ साचत असणार.
टेबलावर प्लास्टिकचा सांगाडा,
एक अंगठा हरवलेला.

सर एकेक हाड दाखवून लॅटिन नाव सांगतात.
मी उजवीकडे लिहिते. स्पेलिंग दोनदा चुकतं.
मग कुणी बघत नाहीसं पाहून
रेघेच्या अलीकडे, बारीक अक्षरात:
मनगट. घोटा. बरगडी. माकडहाड.

ब्रिआना शेवटच्या शब्दावर बोट ठेवते.
मी अर्थ सांगते.
ती इतकी हसते
की सर बोलायचे थांबतात.

मी चाळिशी नाकावर सरकवून
वहीत डोकं घालते,
आता बाकावर उभं करतील म्हणून,
सत्तेचाळिसाव्या वर्षी.