अर्थिंग

मानेवाड्यातली आमची मागची खोली,
खिडकीला गादी टेकवलेली, डोक्यावर चादर,
मे महिना, दुपारचे तीन, पारा सेहेचाळीसवर.
कूलर बंद.
मी नववीचा भूगोल वाचते आहे
डोळ्यांनी वाचता न येणाऱ्या पोरांसाठी.

त्यातली एक, वेणू उईके,
पहिला धडा ऐकून फोनवर म्हणाली,
"मॅडम, तुमच्या मागं कोणी पापड तळून राह्यलं का?"

हेडफोन लावून ऐकलं. खरंच.
माझ्या प्रत्येक शब्दाखाली मंद आचेवर तेल.
मी गप्प बसले तरी ते गप्प बसेना.

मग मोबाइल दुसऱ्या खोलीत गेला,
चार्जर भिंतीतून निघाले,
ट्यूबलाइट विझवली, तेव्हा खरखर जरा दमली, पण गेली नाही.
बर्डीवरून माइकची नवी वायर आणली,
पुढची पिन मागे खोचली, मागची पुढे.
माइकचा बूस्ट शून्यावर आणला
तर मी विहिरीच्या तळातून बोलायला लागले
आणि खरखर तिथेही सोबतीला.
शेवटी आवाज स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर लावलं.
त्यानं खरखरीबरोबर माझे स आणि श खाल्ले.
सातपुडा झाला आतपुडा.

आठव्या दिवशी वैतागून
कॅबिनेटच्या पत्र्यावर थाप मारली.
बोटांना मुंग्या,
कानांत शांतता.
हात काढला, तेल पुन्हा तापलं.
हात ठेवला, विझलं.

तिसरा धडा मी तसाच वाचला,
उजव्या हातात पुस्तक,
डावा पत्र्यावर,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
पानं हनुवटीनं उलटली.

सक्करदऱ्याहून निनावे आला, वायरमन,
टेस्टर लावला, दिवा लुकलुकला,
आणि तो हसायला लागला.
"ताई, अर्थिंग मेली तुमची.
आता तुमीच अर्थिंग होऊन राह्यल्या.
हात नोका लावू, मराची इच्छा हाये का?"
मग त्यानं मीटरमागचं एक झाकण दाखवलं,
सव्वीस वर्षांत मी ज्यावर फक्त कुंडी ठेवली होती.
"खाली मीठ-कोळसा हाये, मधात पाइप.
वल गेली का करंट जाईन कुठं?
मे महिन्यात अर्ध्या नागपुराचं असंच होते.
पाणी पाजा."
शंभर रुपये घेतले. चहा नको म्हणाला.

दोन बादल्या ओतल्या.
माती इतकी कोरडी की आधी तिनं पाणी घेतलंच नाही,
वरच्यावर फिरवत राहिली, अनोळखी माणसासारखी.
मग एकदम बुडबुडे काढत
गटागटा प्यायली.

रात्रभर तिला मुरू दिलं. दुसऱ्या दुपारी
पुन्हा गादी, पुन्हा चादर. लाल ठिपका लागला.
तेल नाही.
इतकी मोकळी जागा मी आजवर ऐकली नव्हती.
माझं आवंढा गिळणं. खुर्चीचा एक करकरणारा पाय.
लांब, अजनीकडे, इंजिनाची शिटी.
आणि या सगळ्यांच्या खाली काहीतरी
फट… फट… फट…

पुन्हा वायर हलवली. पुन्हा पिन.
मग उठून दार उघडलं.

दिवाकर बनियनवर, फरशीला पाठ लावून,
घडी घातलेल्या वर्तमानपत्रानं वारा घेत होते.
कूलर माझ्यासाठी बंद.
नऊ दुपारी ते तिथेच होते,
त्या तेलाखाली.
पेपर हवेतच थांबवून, कुजबुजत म्हणाले,
"येऊन राह्यलं का त्याच्यात?
बंद करू?"

पाचवा धडा, वाऱ्याचे कार्य,
तसाच पाठवला आहे.
वेणूचा फोन अजून नाही.
सकाळी तुळशीच्या आधी
आता त्या झाकणाखाली बादली ओतते,
आणि दिवाकर विचारतात,
"प्यायली का?"